टेकडीवरचे बिनतारी जाळे आणि यादृच्छिक आलेख: सूत्र ९५ टक्के सांगते, तरी यंत्रे गप्प का?

मृद्गंध (धागाकर्ती)

पुण्याच्या पश्चिमेकडे एका टेकडीच्या उतारावर आमचा गट काही वर्षांपासून देशी झाडे लावत आहे. उन्हाळ्यात टँकरचे पाणी कोणत्या खड्ड्यांना आधी द्यायचे हे ठरवता यावे म्हणून मातीतला ओलावा मोजणारी १०० छोटी यंत्रे आम्ही यंदा तिथे बसवली. प्रत्येक यंत्रात २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारा कमी शक्तीचा रेडिओ आहे. यंत्र आपले मोजमाप शेजारच्या यंत्राला देते, ते त्याच्या शेजाऱ्याला, आणि अशा उड्या घेत माहिती पायथ्याच्या कोपऱ्यातल्या राखणदाराच्या खोलीत ठेवलेल्या गेटवेपर्यंत (सगळी माहिती गोळा करणाऱ्या मुख्य यंत्रापर्यंत) येते. गेटवे तिथे ठेवण्याचे कारण एवढेच, की वीज फक्त तिथे आहे.

क्षेत्र साधारण १ किलोमीटर लांब आणि तेवढेच रुंद आहे. जिथे रोप जगले तिथे यंत्र, असा प्रकार असल्यामुळे मी जागा यादृच्छिक मानल्या आणि रेडिओचा पल्ला ठरवण्यासाठी यादृच्छिक आलेखांच्या (बिंदू आणि त्यांना नशिबाने जोडणारे दुवे यांच्या जाळ्यांच्या) सिद्धांतातले प्रसिद्ध सूत्र वापरले. यंत्रांची संख्या एन असेल आणि एका यंत्राच्या पल्ल्यात सरासरी जेवढे शेजारी येतात ती संख्या 'एनचा नैसर्गिक लॉग अधिक सी' एवढी ठेवली, तर एन मोठा असताना संपूर्ण जाळे जोडलेले असण्याची शक्यता ई चा घात उणे (ई चा घात उणे सी) एवढी येते; इथे ई म्हणजे नैसर्गिक लॉगचा पाया, सुमारे २.७१८, आणि सी म्हणजे लॉगवर आपण ठेवलेली जादा भर. १०० चा लॉग ४.६ आहे. मला ९५ टक्के खात्री हवी होती, त्यासाठी सी सुमारे २.९७ लागतो, म्हणजे सरासरी ७.६ शेजारी आणि १५५ मीटर पल्ला. रेडिओची शक्ती मी त्याप्रमाणे लावली आणि मोकळ्या मैदानात दोन यंत्रे ठेवून पल्ला तपासूनही घेतला.

प्रत्यक्षात ७ यंत्रे गप्प आहेत. त्यांतली ४ वरच्या कुंपणालगत विखुरलेली आहेत आणि ३ एका उंचवट्यामागे जवळजवळ आहेत. माझे गणित चुकले, की हा सिद्धांतच अशा कामासाठी नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शून्यलब्धी

मृद्गंध ताई, गणित चुकलेले नाही. ते ज्या भूमीसाठी आहे तिला काठ नसतो, तुमच्या टेकडीला मात्र आहे.

आधी थोडा इतिहास, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. यादृच्छिक आलेखाचे दोन वेगळे प्रकार आपण एकाच नावाने ओळखतो. पहिला १९५९ सालचा, पॉल एर्डश आणि आल्फ्रेड रेन्यी यांचा, आणि त्याच वर्षी एडगर गिल्बर्ट यांनी स्वतंत्रपणे मांडलेला. त्यात कोणत्याही दोन बिंदूंमध्ये दुवा असण्याची शक्यता सारखीच असते आणि अंतराला काही अर्थ नसतो. दुसरा प्रकार याच गिल्बर्ट यांनी १९६१ मध्ये मांडला. ते तेव्हा बेल लॅब्स या अमेरिकी दूरसंचार प्रयोगशाळेत होते आणि त्यांच्यासमोर रेडिओ केंद्रांचाच प्रश्न होता. प्रतलावर बिंदू विखुरायचे आणि ठरावीक अंतराच्या आत असलेल्या बिंदूंनाच जोडायचे. याला आज यादृच्छिक भूमितीय आलेख म्हणतात आणि बिनतारी जाळ्यासाठी हाच खरा.

गंमत अशी, की संपूर्ण जोडणीचे तुम्ही दिलेले सूत्र दोन्ही प्रकारांत तेच येते. पहिल्यासाठी ते एर्डश-रेन्यी यांनी १९५९ मध्येच दिले. दुसऱ्यासाठी मॅथ्यू पेनरोझ यांनी १९९७ मध्ये ते सिद्ध केले, आणि पीयूष गुप्ता व पी. आर. कुमार यांनी १९९८ मध्ये बिनतारी जाळ्यांच्या भाषेत हाच उंबरठा मांडला. दोन्हीकडे कारणही एकच आहे: जाळे तुटते ते मधोमध फाटून नव्हे, तर एखादा बिंदू पूर्ण एकटा पडल्यामुळे.

आता तुमच्या काठाकडे वळू. मधल्या यंत्राला सरासरी ७.६ शेजारी मिळतात, त्यामुळे ते एकटे पडण्याची शक्यता दोन हजारांत एक एवढीच असते. अगदी कुंपणावरच्या यंत्राचे अर्धे वर्तुळ बाहेर जाते, त्याचे शेजारी ३.८ उरतात आणि एकटे पडण्याची शक्यता शंभरात दोनच्या वर जाते. नेमक्या कोपऱ्यावरच्या यंत्राला १.९ शेजारी मिळतात, आणि ते साधारण सातांत एकदा एकटे पडते. सगळ्या चौरसावर ही बेरीज केली तर एकट्या यंत्रांची अपेक्षित संख्या ०.०५ न राहता अर्ध्याच्या आसपास पोहोचते आणि तीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा काठांचा व कोपऱ्यांचा असतो. म्हणजे जाळे अखंड असण्याची तुमची शक्यता ९५ नव्हे, तर ६० टक्क्यांच्या आसपास होती.

पाठ्यपुस्तके 'एन अनंताकडे जाताना काठाचा परिणाम नाहीसा होतो' असे लिहून पुढे जातात. ते खरे आहे, पण तो नाहीसा होण्याचा वेग लॉगच्या वर्गमुळाने मोजावा लागतो. सी शून्य धरून दहा लाख यंत्रांचा हिशेब केला, तर काठांवरच्या एकट्या यंत्रांची अपेक्षित संख्या ०.९५ येते आणि मधल्या सगळ्या भागातली १. अनंत म्हणजे किती दूर, याचा अंदाज यावरून यावा. जस्टिन कून, कार्ल डेटमान आणि ओरेस्टिस जॉर्जिऊ यांनी २०१२ मध्ये कोपरे, काठ आणि पृष्ठे यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला, तो याच कारणासाठी.

तारायंत्र

मी आयुष्यभर दूरसंचारात काम केले आणि आता निवृत्त आहे. शून्यलब्धी यांचा काठाचा हिशेब मान्य आहे, पण त्यातून वरच्या कुंपणाची चार यंत्रे समजतात, उंचवट्यामागची तीन नाहीत.

या सिद्धांतावर माझा जुना आक्षेप वर्तुळाला आहे. १५४ मीटरवर संपर्क पक्का आणि १५६ मीटरवर शून्य, असा रेडिओ मी तरी पाहिलेला नाही. मैदानात मोजलेला पल्ला जमिनीपासून वीतभर उंचीवर, झुडपांमध्ये आणि खडकाआड तसाच राहील हे गृहीत धरणे ही ताईंची खरी चूक आहे, आणि ती चूक भलेभले करतात. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून एक खोली ओलांडणे ज्याला जमत नाही, तोच रेडिओ नदीपात्रात या काठावरून त्या काठाला सहज बोलतो. पावसाळ्यात तर तुमची झाडे पानांनी भरतील. या तरंगलांबीला पावसाच्या थेंबांचा त्रास जवळजवळ नसतो, ओल्या पानांचा मात्र बराच असतो.

आमच्या उमेदीच्या काळात 'सहा शेजारी पुरेत' असे म्हणत. लेनर्ड क्लाइनरॉक आणि जॉन सिल्व्हेस्टर यांनी १९७८ मध्ये पॅकेट रेडिओसाठी (माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटे, रेडिओवरून पाठवणाऱ्या जाळ्यांसाठी) सहा हा जादूचा आकडा दिला होता. ताईंनी ७.६ घेतले, म्हणजे त्याहून जास्तच. तरीही ही अवस्था.

शून्यलब्धी

तारायंत्र काका, सहाचा आकडा जोडणीचा नव्हताच. एका उडीत माहिती किती पुढे सरकते आणि संदेश एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्या उडीच्या वेळी किती जणांना गप्प बसावे लागते, यांचा मेळ घालून तो काढला होता. सरासरी सहा शेजारी ठेवले तर एन १००० असताना काठ सोडूनही दोन-तीन यंत्रे एकटी पडतात. फेंग श्वे आणि कुमार यांनी २००४ मध्ये दाखवून दिले, की एन वाढत गेला तर कोणताही ठरावीक आकडा पुरत नाही आणि शेजाऱ्यांची संख्या लॉगच्या प्रमाणात वाढवावीच लागते. जादूचा आकडा हवाच असेल तर तो ४.५१ आहे, पण तो वेगळ्या गोष्टीचा. सरासरी शेजारी ४.५१ च्या वर गेले की अमर्याद प्रतलावर एक अमर्याद पसरलेला समूह तयार होतो. खाली राहिले तर केवळ बेटे. ओल्या भिंतीतला पाझर एका क्षणी पलीकडे फुटतो, तसा हा उंबरठा आहे, आणि या शाखेला पर्कोलेशन म्हणतात ते म्हणूनच. पण समूह तयार होणे वेगळे आणि शेवटचे यंत्रही त्यात असणे वेगळे. पहिल्याला ४.५ पुरतात, दुसऱ्याला लॉग मोजावा लागतो.

वर्तुळाबद्दलचा आक्षेप रास्त आहे, मात्र सिद्धांत तिथे थांबलेला नाही. अंतर वाढेल तशी दुव्याची शक्यता हळूहळू घटत जाते असे धरूनही हीच गणिते होतात, आणि शेजाऱ्यांची सरासरी तीच ठेवून दुवे असे पसरट केले तर मोठा समूह तयार होणे उलट सोपे जाते, कारण अधूनमधून मिळणारे लांबचे दुवे दूरची बेटे सांधतात. ज्याला आपण रेडिओचा लहरीपणा म्हणतो तो नेहमीच शत्रू नसतो.

उंचवट्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे नाणे उडवून ठरत नाही. एकच खडक तिन्ही यंत्रांचे सगळे बाहेरचे दुवे एकदम तोडतो. यंत्रांच्या जागा ठरल्यावर प्रत्येक दुवा इतर दुव्यांपासून स्वतंत्रपणे ठरतो या गृहीतकावर वरचे प्रत्येक सूत्र उभे आहे, आणि टेकडीने नेमके तेच मोडले आहे. एकटी यंत्रे मोजणारे गणित तीन जणांचे बेट मोजत नाही.

नळस्टॉप

मी एम.टेक.चा विद्यार्थी आहे आणि माझा प्रबंध याच्या आसपासचा आहे. एक शंका आहे. जोडणीचे सूत्र दोन्ही प्रकारांत तेच असेल, तर एर्डश-रेन्यी आलेख वापरून कामगिरी मोजली तर काय बिघडले? त्यावर गणित करणे कितीतरी सोपे आहे. आमच्याकडे अनेक जण तेच करतात.

शून्यलब्धी

जोडणी सारखी असली तरी कामगिरी अजिबात सारखी नाही. मृद्गंध ताईंचेच आकडे घ्या, १०० यंत्रे आणि सरासरी ७.६ शेजारी.

एर्डश-रेन्यी आलेखात कोणत्याही यंत्रापासून कोणत्याही यंत्रापर्यंत सरासरी दोन-तीन उड्यांत पोहोचता येते, कारण उड्या एनच्या लॉगच्या हिशेबाने वाढतात. भूमितीय आलेखात चौरसाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे १४१४ मीटर अंतर १५५ मीटरच्या उड्यांनी काटायचे असते, म्हणजे किमान दहा उड्या. दुसरे असे, की माझे दोन शेजारी एकमेकांचेही शेजारी असण्याची शक्यता भूमितीय आलेखात ५९ टक्के आहे, तर एर्डश-रेन्यीमध्ये फक्त ८ टक्के. बिनतारी जाळ्यात शेजाऱ्याचा शेजारी शेजारीच असणे हा गुण आणि दोष दोन्ही आहे. एक यंत्र बंद पडले तर दुसरी वाट जवळच सापडते हा गुण, आणि एक बोलू लागला की बाकीच्या सगळ्यांना गप्प बसावे लागते हा दोष. पहिल्या आलेखात हा दोष दिसतच नाही, त्यामुळे त्यावर काढलेली कामगिरी नेहमी गोड दिसते. प्रबंधात गोड आकडे आले, की आधी आलेख कोणता घेतला आहे ते तपासावे.

गुप्ता आणि कुमार यांनी २००० मध्ये हा दोष मोजला. कल्पना मला फार देखणी वाटते, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. पल्ला आर असेल तर लांबच्या ठिकाणी पोहोचायला साधारण एक भागिले आर इतक्या उड्या लागतात. प्रत्येक उडी आपल्याभोवती आरच्या वर्गाएवढे क्षेत्र गप्प करते. दोन्हींचा गुणाकार केला तर एक पॅकेट एकूण आर एवढी 'जागा' खाते. जागा मर्यादित आहे, म्हणून पल्ला लहान ठेवणे फायद्याचे. पण फार लहान केला तर जाळे तुटते, आणि सर्वांत लहान चालणारा पल्ला म्हणजे लॉग एन भागिले एन याच्या वर्गमुळाच्या पटीतला. तो घातला की प्रत्येक यंत्राच्या वाट्याला एक भागिले '(एन गुणिले लॉग एन) या गुणाकाराचे वर्गमूळ' एवढ्याच पटीतला वेग येतो. १०० यंत्रांची ४०० केली तर प्रत्येकाचा वाटा ४४ टक्क्यांवर उतरतो. यंत्रे वाढवून जाळे सुधारते ही समजूत इथे मोडते.

मृद्गंध

हे वाचून मी काल बॅटऱ्यांच्या नोंदी काढून पाहिल्या. गेटवेच्या जवळच्या दोन यंत्रांच्या बॅटऱ्या बाकीच्यांपेक्षा फार वेगाने उतरत आहेत. वर सांगितलेल्या वाट्याचा याच्याशी संबंध आहे का?

तारायंत्र

त्याला ते सूत्र लागू होत नाही. शून्यलब्धी यांचे सूत्र कोणीही कोणाशीही बोलतो अशा जाळ्याचे आहे. तुमच्या जाळ्यात सगळे वाटसरू एकाच दाराशी येतात, तिथे प्रत्येकाचा वाटा सरळ एक भागिले एन, वर्गमूळ नाही आणि लॉगही नाही.

आणि दार कुठे आहे हेही पाहा. गेटवे कोपऱ्यात असल्यामुळे त्याला सरासरी १.९ शेजारी मिळतात. सगळ्या टेकडीची माहिती त्या दोन बिचाऱ्यांच्या खांद्यावरून जाते, प्रत्येकी जवळजवळ ५० यंत्रांची. तोच गेटवे मध्यावर नेला तर ७-८ शेजारी मिळतील आणि प्रत्येकाकडे १३ च्या आसपास यंत्रांचा भार येईल. शिवाय कोपऱ्यापासून चौरसातल्या बिंदूंचे सरासरी अंतर ७६५ मीटर असते आणि मध्यापासून बरोबर निम्मे, ३८३ मीटर. म्हणजे उड्याही निम्म्या. विजेसाठी सौरपट्टी लावा, पण गेटवे हलवा. यासाठी सिद्धांतही लागत नव्हता, एखाद्या जुन्या लाइनमनने हेच सांगितले असते.

शून्यलब्धी

काकांची दुरुस्ती बरोबर आहे, मी तो फरक आधी स्पष्ट करायला हवा होता.

नळस्टॉप

एर्डश-रेन्यी आलेखाच्या बाजूने एक मुद्दा मांडू इच्छितो, कारण तो अगदीच टाकाऊ ठरू नये. लॉरेंट एशेनाउअर आणि व्हर्जिल ग्लिगोर यांनी २००२ मध्ये सेन्सर जाळ्यांसाठी गुप्त किल्ल्या (संदेश कुलूपबंद करणारे सांकेतिक आकडे) वाटण्याची एक पद्धत सुचवली. किल्ल्यांच्या मोठ्या साठ्यातून प्रत्येक यंत्राला काही किल्ल्या यादृच्छिकपणे द्यायच्या, आणि ज्या दोघांकडे एक तरी समान किल्ली निघेल त्यांनीच सुरक्षित बोलायचे. साठ्यात १०,००० किल्ल्या असतील आणि प्रत्येकाला ८३ दिल्या, तर दोघांत समान किल्ली निघण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. कोणाकडे कोणती किल्ली आहे याचा अंतराशी काही संबंध नसल्यामुळे इथे एर्डश-रेन्यीची भाषा योग्य बसते.

पण खरे जाळे हे एकावर एक ठेवलेल्या दोन आलेखांचे होते. दोघे पल्ल्यातही हवेत आणि किल्लीही जुळायला हवी. मृद्गंध ताईंनी ही पद्धत वापरली असती, तर ७.६ शेजाऱ्यांचे ३.८ उरले असते आणि काठ न धरताही दोन-तीन यंत्रे एकटी पडली असती.

मृद्गंध

आमच्याकडे सगळ्यांना एकच किल्ली आहे. चिखल किती ओला आहे हे चोरून कोणाला काय मिळणार, असा विचार त्यामागे होता.

सर्वांचे आभार. रविवारी गेटवे मध्यावरच्या पाण्याच्या टाकीवर हलवला. तरी वरच्या कुंपणाची ४ आणि उंचवट्यामागची ३ अजून गप्पच आहेत. आता सगळ्यांची शक्ती वाढवून पल्ला १७१ मीटर करण्याचा विचार आहे. सूत्राप्रमाणे काठ न धरता ९९ टक्के येतात.

शून्यलब्धी

दोन गोष्टी सांगतो. पहिली, ते ९५ आणि ९९ टक्के म्हणजे तीच १०० यंत्रे पुन्हापुन्हा नव्याने विखुरली तर किती वेळा जाळे अखंड निघेल, याचा हिशेब आहे. तुमची यंत्रे एकदाच विखुरली गेली आहेत आणि आता खुंटीला बांधलेली आहेत. यादृच्छिकता पेरणीच्या वेळी होती, ती संपली. यापुढे तुमच्यासमोर एकच ठरलेला आलेख आहे, आणि त्यात कोण एकटे आहे हे तुम्हाला नावानिशी माहीत आहे. माहीत असताना सरासरीच्या मागे जाऊ नये.

दुसरी, सगळ्यांचा पल्ला वाढवणे म्हणजे सात जणांना ऐकू यावे म्हणून शंभर जणांनी ओरडणे. मासिमो फ्रान्सेस्केटी, ऑलिव्हिए डूस, डेव्हिड त्से आणि पॅट्रिक थिरान यांनी २००७ मध्ये गुप्ता-कुमार सूत्रातला लॉग काढून टाकला, तो नेमक्या याच युक्तीने. मधल्या यंत्रांनी जवळच्या उड्यांचे पाझरून तयार झालेले महामार्ग वापरायचे, आणि जे महामार्गापासून दूर आहेत तेवढ्यांनीच एक लांब उडी मारून त्यावर यायचे. लॉगची किंमत प्रत्येकाने मोजायची नाही. म्हणून वरच्या कुंपणाच्या ४ यंत्रांचीच शक्ती वाढवा. उंचवट्यामागच्या तिघांना शक्तीचा उपयोग बेताचाच होईल, त्यांच्यासाठी उंचवट्याच्या माथ्यावर एक जादा यंत्र लावा.

तारायंत्र

सहमत आहे, फक्त एक राहिले. कुंपणावरच्या यंत्राचा आवाज चढवला तर त्याचे म्हणणे शेजाऱ्यापर्यंत जाईल, पण शेजाऱ्याची पोच त्याच्यापर्यंत परत यायला हवी. पोच मिळाली नाही तर ते यंत्र तेच पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत राहील आणि आठवडाभरात बॅटरी संपवून खरोखरच कायमचे गप्प होईल. त्यामुळे त्या चौघांच्या जोडीला, त्यांच्या सर्वांत जवळच्या एकेका यंत्राचीही शक्ती तेवढीच वाढवा. आणि हे काम पावसाआधी करा. पाने भरल्यावर जवळचे यंत्र कोणते, याचे उत्तर बदललेले असू शकते.